पडद्याआडची लाल गाठ

नाडीच्या ठोक्याबरोबर एकाच कानात धपधप आवाज येतो. डॉक्टर तपासतात, तर कानाच्या पडद्याआड लालभडक ठिपका दिसतो. रबरी फुगा दाबून कानात हवेचा दाब दिला की काही जणांत तो क्षणभर फिका पडतो. मध्यकर्णातल्या ग्लोमस गाठीची, म्हणजे रक्तवाहिन्यांनी भरलेल्या गाठीची, ही खूण आज कान-नाक-घशाच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. पूर्वी मात्र साधा पॉलिप (मांसाचा कोंब) समजून चिमट्याने तुकडा काढायला जावं, आणि रक्त थांबता थांबू नये.

मुळात अशी गाठ कानात येते कुठून, हेच ठाऊक नव्हतं. 1840 मध्ये व्हॅलेंटिन या शरीरशास्त्रज्ञाला मध्यकर्णातल्या मज्जातंतूवर एक बारीकसा फुगवटा दिसला होता, पण त्याने तो मज्जापेशींचाच पुंजका मानला. पुढे बराच काळ त्या विषयाकडे फारसं लक्ष गेलं नाही. 1941 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे स्टेसी गिल्ड यांनी कानशिलाच्या हाडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेले इवलेसे पुंजके ओळखले आणि त्यांना ‘ग्लोमस’ म्हटलं. पुढे 88 हाडांत त्यांनी असे 248 पुंजके मोजले. केवढी चिकाटी! गिल्ड शोधत होते ते निरोगी कानातलं. आजाराशी त्याचा संबंध 1945 मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी रोझेनवॉसर यांनी जोडला. त्यांनी कानातून काढलेली गाठ मानेतल्या कॅरॉटिड बॉडीच्या (मोठ्या धमनीलगतच्या अशाच इवल्याशा पुंजक्याच्या) गाठीसारखी दिसत होती.

नावांचा गोंधळ मग बराच काळ चालला. 1962 मध्ये आल्फर्ड आणि गिलफर्ड यांनी मध्यकर्णापुरती गाठ आणि खालच्या जुग्युलर शिरेजवळून (डोक्यातलं रक्त मानेत नेणाऱ्या मोठ्या शिरेजवळून) वर आलेली गाठ वेगळी काढली. हा फरक मोलाचा, कारण पहिली बहुधा कानाच्या वाटेनेच निघते. दुसरीसाठी कवटीच्या तळाशी उतरावं लागतं. ती वाट 1970 च्या दशकात झुरिकच्या उगो फिश यांनी चेहऱ्याचा मज्जातंतू बाजूला सरकवून मोकळी केली. सीटी स्कॅन आल्यावर हाड कुठवर पोखरलंय ते चाकू लावण्याआधीच कळू लागलं.

सगळ्यांत विलक्षण धागा 2000 साली हाती लागला: काही घराण्यांत ही गाठ एसडीएचडी या जनुकातल्या दोषामुळे होते. दोष वडिलांकडून आला तर गाठी होतात, आईकडून आला तर सहसा नाही. त्यामुळे अशा रुग्णाला डॉक्टर आता वडिलांकडच्या आत्या-काकांबद्दलही विचारतात: कोणाच्या मानेत गाठ होती का?