भाताचे वाण वेगळे का ठेवावे : बियाणे नेणाऱ्या व गिरणीवर भात घालणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी, त्र्यंबकेश्वर आणि पेठ या तालुक्यांतील जे शेतकरी बंधू-भगिनी मे-जूनमध्ये आमच्याकडून भाताचे बियाणे नेतात आणि दिवाळीनंतर घोटीच्या आमच्या गिरणीवर भात घालतात, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. दर सुगीत आम्हाला एकच प्रश्न विचारला जातो : भात इंद्रायणीच आहे, दाणाही भरलेला आहे, तरी निर्यातीच्या मालाचा भाव का मिळाला नाही? बहुतेक वेळा कारण एकच असते. त्या पोत्यांत दुसऱ्या वाणाचा भात मिसळलेला असतो, आणि शेतकऱ्याला स्वतःला ते ठाऊक नसते.

शेजारच्या खाचरातून वाऱ्याने परागकण येऊन वाण बिघडतो, असे अनेकांना वाटते. पण भात हे स्वपरागी पीक आहे, म्हणजे त्याच्या फुलात बहुतेक त्याच फुलाचे परागकण पडून दाणा धरतो. प्रमाणित बियाणे तयार करतानासुद्धा दोन वाणांमध्ये ३ मीटर अंतर पुरेसे धरले जाते. म्हणजे भेसळ होते ती मुख्यतः आपल्या हातून आणि अवजारांतून. राबाच्या, म्हणजे रोपे तयार करण्याच्या, जागी मागच्या वर्षीचे सांडलेले दाणे उगवतात आणि आवणीच्या (रोपे खाचरात लावण्याच्या) घाईत त्यांचीही रोपे जुडीत बांधली जातात. रोपे कमी पडली की शेजाऱ्याकडून चार जुड्या आणल्या जातात, पण त्यांचा वाण कोणी विचारत नाही. सर्वांत जास्त भेसळ होते ती मळणीच्या वेळी. भाड्याचे मळणी यंत्र एका खळ्यावरून थेट दुसऱ्या खळ्यावर येते, त्याच्या पोटात आधीच्या शेतकऱ्याचा भात राहिलेला असतो आणि तो आपल्या पहिल्या पोत्यात उतरतो. म्हणून आमचा आग्रह आहे की यंत्र आले की ते आधी रिकामे फिरवून घ्यावे, ताडपत्री झटकावी, जुनी पोती उलटी करून शिवणीतले दाणे काढावेत आणि मळणीचे पहिले पोते वेगळे ठेवून घरच्या खाण्यासाठी वापरावे. एवढे एक पोते बाजूला ठेवले की उरलेला सारा माल वाचतो.

मिठाच्या पाण्याची बीजप्रक्रिया केल्यावर भेसळ निघून जाते, हाही एक गैरसमज आहे. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकले की पोचट व हलके बी तरंगून वर येते, आणि ते काढून टाकणे अत्यंत हिताचे आहे. परंतु दुसऱ्या वाणाचा भरलेला दाणा आपल्या दाण्याइतकाच तळाशी बसतो. तो ओळखण्याची जागा खाचरच आहे. पीक फुलोऱ्यात असताना एकदा आणि कापणीपूर्वी एकदा बांधावरून सावकाश फिरल्यास उंचीने वेगळी, कुसळ असलेली किंवा आधीच निसवलेली झाडे सहज दिसतात. ती मुळासकट उपटावीत.

थोड्याशा भेसळीने एवढे काय बिघडते, असे वाटणे स्वाभाविक आहे. हळवा (लवकर पिकणारा) आणि गरवा (उशिरा पिकणारा) भात एका खाचरात असला की हळव्याचा दाणा गळू लागतो तेव्हा गरव्याचा दाणा हिरवा असतो. कापणी एकदमच होते, आणि असा कच्चा दाणा गिरणीत फुटून त्याची कणी होते. शिवाय भात सोलणाऱ्या रबरी रुळांमधील अंतर आम्ही दाण्याच्या जाडीप्रमाणे ठेवतो. दोन जाडीचे दाणे एकत्र आले तर बारीक दाणा न सोलता निघून जातो किंवा जाड दाणा तुटतो. निर्यातीच्या करारात तुकड्याचे प्रमाण, ओलावा आणि इतर वाणांचे प्रमाण लेखी ठरलेले असते, आणि खरेदीदाराने आधी पसंत केलेल्या नमुन्याशी माल जुळला नाही तर तो परत येऊ शकतो. दोन हंगामांपूर्वी आमचा असा एक माल परत आला. सुवासिक तांदळात बिनवासाचा दाणा निघाला होता, आणि कोणाच्या पोत्यातून तो आला हे शोधण्याचा मार्ग उरला नव्हता, कारण आम्ही तेव्हा सर्वांचा भात एकाच ढिगावर ओतत होतो. ती चूक आमची होती.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक पोत्यातून नमुना घेतो, तो तुमच्यासमोर सोलून पांढऱ्या ताटात पसरतो आणि मगच भाव सांगतो. यात तुमचा तासभर जातो, याबद्दल काहींची नाराजी आहे, आणि ती आम्ही समजू शकतो. परंतु ज्याने वाण जपला त्याला आणि ज्याने जपला नाही त्याला एकच भाव देणे आम्हाला अन्यायाचे वाटते. याच कारणाने शेजाऱ्याचा भात स्वतःच्या नावावर आणू नये. शिवाय युरोपीय संघाने भाताच्या करपा रोगावरील ट्रायसायक्लाझोल या बुरशीनाशकाच्या अंशाची मर्यादा २०१७ साली किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत खाली आणली. कोणत्या खाचरात कोणती फवारणी झाली हे सांगता आले नाही तर असा माल आम्ही पुढे पाठवू शकत नाही.

सुधारित वाणांविषयी थोडे. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून इंद्रायणी हा वाण तयार केला व तो १९८७ मध्ये प्रसारित झाला. आंबेमोहराचा वास आणि जास्त उत्पादन एकाच झाडात आणण्यासाठी झालेले हे काम घरचे बी दहा-दहा वर्षे तसेच वापरल्याने वाया जाते, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. घरचे बी जपून वापरले तरी तीन वर्षांनी बदलावे. नवा वाण प्रथमच घेत असाल तर सगळ्या रानात न लावता एका खाचरात लावून पाहा. आपल्या पावसात तो किती दिवसांत पिकतो आणि लोळतो का, हे तिथेच कळते.

बासमती लावावा का, असेही विचारले जाते. बासमतीचे भौगोलिक मानांकन हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या उत्तरेकडील ठराविक प्रदेशालाच आहे, त्यामुळे इथे पिकवलेला तांदूळ त्या नावाने निर्यात करता येत नाही. जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी आली होती. ती सप्टेंबर २०२४ मध्ये उठली.

यंदा आमच्याकडे प्रमाणित बियाणे निळ्या खुणचिठ्ठीसह मिळेल. ती चिठ्ठी आणि पावती जपून ठेवावी व भात आणताना सोबत आणावी. अशा मालासाठी गिरणीवर वेगळा काटा आणि वेगळी रास ठेवली आहे. ज्यांना मळणीच्या दिवशी स्वच्छ पोती हवी असतील त्यांनी आठ दिवस आधी सांगावे. पोती आम्ही विनामूल्य देतो, ती भातासह परत यावीत.