द वे अहेड

‘द वे अहेड’ हा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तयार झालेला आणि जून १९४४ मध्ये, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरले त्याच आठवड्यात, प्रदर्शित झालेला ब्रिटिश कृष्णधवल चित्रपट. दिग्दर्शन कॅरल रीड यांचे असून पटकथा एरिक अँब्लर आणि पीटर उस्तिनॉव्ह यांनी लिहिली आहे. निर्मिती ‘टू सिटीज फिल्म्स’ या संस्थेची आणि संगीत विल्यम ऑल्विन यांचे आहे.

चित्रपटाचे मूळ ‘द न्यू लॉट’ (१९४३) या, नव्याने भरती झालेल्या शिपायांना दाखवण्यासाठी लष्कराच्या चित्रपट विभागाने काढलेल्या छोट्या प्रशिक्षणपटात आहे. त्याचेही लेखन-दिग्दर्शन याच तिघांचे होते. ‘इन विच वुई सर्व्ह’ (१९४२) या चित्रपटाने नौदलाची प्रतिमा जशी उजळली होती, तसे काहीतरी पायदळासाठी व्हावे ही इच्छा जोर धरत असताना त्या छोट्या पटातील कल्पना पूर्ण लांबीच्या कथापटात विस्तारण्यात आली. लेफ्टनंट जिम पेरीची प्रमुख भूमिका करणारे डेव्हिड निव्हन हे सँडहर्स्टच्या ब्रिटिश लष्करी अकादमीत शिकलेले आणि युद्ध सुरू झाल्यावर हॉलीवूड सोडून सैन्यात परतलेले अधिकारी होते, तर उस्तिनॉव्ह साधे शिपाई. अधिकारी आणि शिपाई यांनी बरोबरीने बसून काम करणे लष्करी शिस्तीत बसत नसल्यामुळे उस्तिनॉव्ह यांना कागदोपत्री निव्हन यांचे अर्दली नेमण्यात आले. चित्रपटातील कोणत्याही प्रसंगाइतकाच हा प्रकार गमतीचा आहे.

कथा सक्तीच्या भरतीत सापडलेल्या सात जणांभोवती फिरते. त्यांत मोठ्या दुकानातील व्यवस्थापक डेव्हनपोर्ट आहे आणि त्याच्याच हाताखालचा कर्मचारी पार्सन्सही आहे. एकाच बराकीत, एकाच दर्जाचे शिपाई म्हणून राहण्याची वेळ आली तरी दुकानातील साहेब-नोकर हे नाते चटकन सुटत नाही, आणि ब्रिटिश वर्गव्यवस्थेवरचे चित्रपटातील सर्वांत नेमके भाष्य येथेच आढळते. संसद भवनातील भट्टीवर काम करणारा ब्रूअर (स्टॅन्ली हॉलोवे) राजकारण्यांविषयी सतत कुरकुर करतो. छावणीत जाताना रेल्वे स्थानकावर ज्याची त्यांनी टर उडवलेली असते, तोच फ्लेचर (विल्यम हार्टनेल) सार्जंट म्हणून त्यांच्यापुढे उभा राहतो, आणि तो आता सूड उगवणार या समजुतीने ते त्याच्या प्रत्येक हुकमात छळ शोधू लागतात. प्रत्यक्षात फ्लेचरच्या मनात तसे काहीच नसते. विनोद घडतो तो या गैरसमजातून. सार्जंटला विदूषक करण्याचा सोपा मार्ग लेखकांनी टाळला आहे.

सरावातील लुटुपुटीच्या लढाईत लवकर सुटका व्हावी म्हणून ही मंडळी कामात मुद्दाम कुचराई करतात. त्यावर पेरी त्यांना जे सुनावतो, त्यात रेजिमेंटच्या जुन्या लढायांचा इतिहास येतो. ‘ड्यूक ऑफ ग्लेंडन्स लाइट इन्फंट्री’ ही रेजिमेंट मात्र काल्पनिक आहे. पुढे उत्तर आफ्रिकेकडे निघालेल्या त्यांच्या जहाजावर पाणतीराचा आघात होतो. पेटलेले जहाज सोडण्याचा हा प्रदीर्घ प्रसंग विनोदाला पूर्णपणे बाजूला सारतो आणि रीड यांच्या दिग्दर्शनाची ताकद त्यातच सर्वाधिक दिसते. आफ्रिकेतील गावात उपाहारगृहाचा चिडखोर मालक रिस्पोली (स्वतः उस्तिनॉव्ह) भेटतो. अखेरीस जर्मन हल्ला होतो आणि संगिनी रोखून धुरातून पुढे जाणारी पलटण दिसते. तिचे पुढे काय झाले ते सांगितले जात नाही. पडद्यावर ‘समाप्त’ऐवजी ‘प्रारंभ’ या अर्थाचे शब्द उमटतात. सैन्य आता पूर्वीसारखे राहिले नाही, अशी तक्रार करणारे दोन वृद्ध निवृत्त सैनिक कथेला चौकट पुरवतात.

चित्रपट प्रचारासाठीच काढलेला होता आणि तो हेतू लपतही नाही. अधिकाऱ्याचा समजूतदारपणा जरा जास्तच निर्दोष आहे आणि स्त्रियांच्या वाट्याला निरोप देण्यापलीकडे फारसे काही आलेले नाही. तरीही कुरकुर करणे हा शिपायाचा हक्कच आहे, हे सरकारी आशीर्वादाने बनलेल्या चित्रपटाने इतक्या मोकळेपणाने दाखवावे, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. ट्रेव्हर हॉवर्ड यांचे पडद्यावरील पदार्पणही यातील जहाजावरच्या एका छोट्या भूमिकेतून झाले.

मूळ चित्रपट सुमारे ११५ मिनिटांचा आहे. अमेरिकेत त्याला बरीच कात्री लावून ‘द इम्मॉर्टल बटॅलियन’ या नावाने दाखवण्यात आले; अमरत्वाचा दावा कुठेही न करणाऱ्या या पलटणीला ते नाव शोभत नाही.