सेंट ऑगस्टीन चर्चचे अवशेष, जुने गोवे

जुने गोवे (तालुका तिसवाडी, उत्तर गोवा) येथील टेकडीवर उरलेला जांभ्या दगडाचा सुमारे ४६ मीटर उंचीचा मनोरा आणि त्याच्या मागे पसरलेले एका भव्य चर्चचे व मठाचे जोते. चर्चचे मूळ नाव ‘नोसा सेन्योरा दा ग्रासा’, म्हणजे कृपामातेचे चर्च. ऑगस्टीनियन पंथाच्या पाद्र्यांनी ते बांधले, म्हणून लोकांच्या तोंडी संत ऑगस्टीनचे नाव राहिले. युनेस्कोने १९८६ साली जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या गोव्याच्या चर्च व मठांच्या समूहात हे अवशेष येतात. त्यांची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आहे.

ऑगस्टीनियन पाद्री १५७२ मध्ये गोव्यात आले. चर्चचे बांधकाम १५९७ मध्ये सुरू होऊन १६०२ मध्ये पुरे झाले. घुमटाकार कमानीचे छत पेलताना कारागिरांची चांगलीच दमछाक झाली असावी. अशी आख्यायिका आहे, की छत दोनदा कोसळले. तिसऱ्यांदा ते उभे राहिल्यावर बांधणाऱ्याने आपल्या मुलाला घेऊन छताखाली उभे राहायचे ठरवले आणि तोफ डागायला सांगितली. छत हलले नाही. गोष्ट खरी असो-नसो, पुढे काय झाले हे माहीत असल्यामुळे ती इथे उभ्याने ऐकताना अंगावर येते.

छत कोसळले ते १८४२ मध्ये. त्याचे कारण बांधकामाइतकेच राजकारणातही आहे. पोर्तुगालमध्ये १८३४ साली धार्मिक पंथांवर बंदी आली. पुढच्या वर्षी ती गोव्यात लागू झाली आणि पाद्र्यांना मठ सोडावा लागला. साथीच्या रोगांनी शहर आधीच ओस पडत आले होते, राज्यकारभार पणजीकडे सरकला होता. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत कडक होतो. पण तो सच्छिद्र असल्याने चुन्याचा गिलावा गेला, की पावसाचे पाणी धरतो. गोव्याचा पाऊस डोक्यावर आणि डागडुजी करायला कोणी नाही, अशी सात वर्षे गेली आणि छत खाली आले. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. आज मनोरा वरून खालपर्यंत चिरल्यासारखा दिसतो तो त्यामुळे. एका अंगाने कमानी आणि खिडक्या शाबूत, दुसऱ्या अंगाने आतल्या चिऱ्यांचे थर उघडे.

चर्च पाहायला जाणाऱ्याला इथे मान वर करण्याइतकीच खाली घालावी लागते. दालनांच्या भिंती कुठे कमरेएवढ्या, कुठे पुरुषभर उंच उरल्या आहेत. दोन्ही बाजूंच्या छोट्या प्रार्थनाघरांच्या जागा त्यांवरून ओळखता येतात. मध्ये जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांवर पोर्तुगीज अक्षरे आणि घराण्यांची चिन्हे कोरलेली आहेत. काही पावलांनी आणि पावसाने गुळगुळीत झाली आहेत, काहींवर बोट फिरवले तर अक्षर लागते. भिंतींवर एकेकाळी बसवलेल्या रंगीत, चकाकणाऱ्या फरशांचे तुकडे मोजक्या ठिकाणी चिकटून आहेत. पावसाळ्यात या सगळ्यावर शेवाळ धरते. तेव्हा मनोरा हिरवाकाळा, फार देखणा दिसतो. पण चप्पल घसरते, हे आधी लक्षात ठेवावे.

या अवशेषांना जगात नाव मिळाले ते एका राणीमुळे. जॉर्जियातील काखेती राज्याची राणी केतेवान इराणच्या शाह अब्बास पहिल्याच्या कैदेत होती. धर्म बदलायला तिने नकार दिला म्हणून १६२४ मध्ये शिराझ येथे तिला हाल करून मारण्यात आले. तिथल्या ऑगस्टीनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष जपून ठेवले आणि त्यांतील काही भाग १६२७ मध्ये गोव्याला आणला. जॉर्जियन लोकांसाठी ती संत आहे, त्यामुळे ते अवशेष कुठे आहेत हा त्यांच्यासाठी कधीच केवळ पुरातत्त्वाचा प्रश्न नव्हता. जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत ठावठिकाणा दिलेला होता : मठाच्या सभागृहात, ‘एपिसल’ बाजूच्या दुसऱ्या खिडकीपाशी. वेदीकडे तोंड केले, की उजवीकडची ती एपिसल बाजू. पत्ता इतका नेमका, पण छत कोसळल्यानंतर खिडकी कुठली आणि सभागृह कुठले हेच ढिगाऱ्यात हरवले होते. ढिगारा उपसून जोते मोकळे करत करत शोध अनेक वर्षे चालला. २००४ मध्ये हाडे हाती लागली.

हाड सापडले म्हणजे ते राणीचेच, असे होत नाही. मठात पुरलेले इतरही असणार. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात डीएनए तपासणी झाली. तपासलेल्या तीन हाडांपैकी एकाच हाडात आईकडून येणाऱ्या डीएनएचा ‘यू-१-बी’ हा गट मिळाला. हा गट भारतातील नमुन्यांत आढळत नाही, जॉर्जियात आढळतो. याने राणीची ओळख शंभर टक्के सिद्ध होत नाही, पण कागदपत्रे, जागा आणि डीएनए एकाच दिशेला बोट दाखवतात. २०१७ मध्ये अवशेष काही काळासाठी जॉर्जियाला नेण्यात आले आणि जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्यांचा एक भाग जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी येथे भेट म्हणून सुपूर्द केला.

टेकडीवरच्या शेजाऱ्यांकडे पाहिल्याशिवाय परतू नये. जवळच सांता मोनिका हा जोगिणींचा, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींचा मठ आहे (बांधकाम १६०६–२७). तोही ऑगस्टीनियन पंथाचाच. पाद्र्यांना १८३५ मध्ये जावे लागले, पण जोगिणींना मरेपर्यंत राहण्याची मुभा होती. शेवटची १८८५ मध्ये वारली. म्हणजे समोरचे छत कोसळले तेव्हा या भिंतींआड माणसे राहत होती. आता तिथे दक्षिण गोव्यातील राशोलहून हलवलेले ख्रिस्ती कला संग्रहालय आहे. पलीकडे संत अँथनीचे छोटे प्रार्थनाघर आहे. या संताच्या मूर्तीला पोर्तुगीज सैन्यात कप्तानाचा हुद्दा होता आणि पगार घ्यायला तिला दरवर्षी खजिन्यापर्यंत नेत, असे सांगतात.

बहुतेक प्रवासी खाली बॉम जेझू बासिलिकेत ‘गोंयच्या सायबा’चे, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचे दर्शन घेऊन बसमध्ये चढतात. बासिलिकेपासून ही टेकडी पायी थोड्याच मिनिटांवर आहे. चढ सौम्य आहे, मात्र सावली कमी. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर जाणे बरे. तिन्हीसांजेला तिरप्या उन्हात जांभ्याचा तांबडा रंग खुलतो.

चर्चची मोठी घंटा मात्र इथे शोधू नये. पाद्री गेल्यावर ती आग्वाद किल्ल्यावर नेली गेली, आणि १८७१ पासून पणजीच्या मध्यभागी, पांढऱ्या जिन्याच्या इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, माथ्यावरच्या मनोऱ्यात टांगलेली आहे. आकाराने ती गोव्यातील दुसऱ्या क्रमांकाची घंटा. पहिली जुन्या गोव्याच्याच से कॅथेड्रलमध्ये आहे.