भरल्या पोटी उपाशी गाय

शिमगा उलटला की आमच्या वाडीत एक प्रश्न दरवर्षी कानावर येतो. ‘खाते तर भाराभर, मग अंगाला का लागत नाही?’ यंदा तो शेजारच्या काकूंनी विचारला. गोठ्यात त्यांची कपिला उभी होती. पोट गच्च, पण बरगड्या बोटांनी मोजता येतील अशा. गव्हाणीत पेंढा होता आणि गळ्यात काळा दोरा. दृष्ट लागलीय, असं घरातल्या जुन्या माणसांचं म्हणणं. ही दृष्ट दरवर्षी फाल्गुनात लागते आणि मिरगाचा पाऊस पडून हिरवं गवत आलं की उतरते. एवढं एक निरीक्षण नीट केलं तरी दोरा सोडून गव्हाणीकडे बघावंसं वाटेल.

कमी पावसाच्या भागातली शेती आणि जनावरं हा विषय काढला की आमच्याकडे म्हणतात, ‘ते घाटावरचं दुखणं, आपल्याला काय?’ रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, सोलापुरात त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. भूगोलाच्या हिशेबाने कोकण निमशुष्क नाहीच. पण हा सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो, जांभ्यातून झिरपून निघून जातो आणि एप्रिलात विहिरीचा तळ दिसतो. त्या दिवसांत कोकणातल्या गाईच्या पोटात जे जातं, ते सोलापूरच्या गाईपेक्षाही निकृष्ट असतं. तिला निदान ज्वारीचा कडबा मिळतो, आपल्या गाईला भाताचा पेंढा. घाटावरचा शेतकरी ज्वारीचं वाण निवडताना दाण्याइतकंच कडब्याकडे बघतो. मालदांडी इतकी वर्षं टिकली त्यात तिच्या कडब्याचाही वाटा आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथेही दाणा आणि कडबा दोन्ही चांगले देणाऱ्या ज्वारीवर काम झालं आहे. आपण मात्र भाताचं बियाणं घेताना उतारा विचारतो, तांदूळ शिजतो कसा ते विचारतो. पेंढा कसा आहे, हे विचारताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही.

आता पेंढ्यात नेमकं काय आहे ते बघू. हा भाग मला फार आवडतो, म्हणून थोडा सविस्तर सांगतो.

पेंढा म्हणजे मुख्यतः सेल्युलोज. भातातला स्टार्च आणि पेंढ्यातलं सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजच्याच माळा आहेत, फक्त मणी ओवायची तऱ्हा वेगळी. त्या एका फरकामुळे भात आपल्याला पचतो आणि पेंढा पचत नाही. गाईलाही तो स्वतःच्या बळावर पचत नाही, कारण सेल्युलोज तोडणारं विकर (एन्झाइम) तिच्या शरीरात तयारच होत नाही. ते काम करतात तिच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यातले, म्हणजे रुमेनमधले जिवाणू. तिथल्या रसाच्या एका मिलिलिटरमध्ये ते हजार कोटींच्या घरात असतात. ते पेंढा कुजवतात आणि त्यातून निघणारी आम्लं गाईला ऊर्जा म्हणून मिळतात. पुढे हेच जिवाणू वाहत वाहत शेवटच्या कप्प्यात आणि आतड्यात जातात आणि तिथे गाय त्यांना पचवते. तिच्या प्रथिनांचा मोठा हिस्सा असा येतो. खरं सांगायचं तर गाय पेंढ्यावर जिवाणूंची शेती करते आणि ते पीक खाते.

शेती म्हटली की खत आलं. जिवाणूंना वाढायला नायट्रोजन लागतो, आणि तो मिळतो चाऱ्यातल्या प्रथिनांतून. चाऱ्यात शेकडा ७ तरी प्रथिनं असतील तरच त्यांचं काम नीट चालतं, आणि भाताच्या पेंढ्यात असतात शेकडा ३ ते ४. जिवाणू कमी, म्हणून पेंढा सावकाश कुजतो. सावकाश कुजतो म्हणून पोटातून पुढे सरकत नाही. जागा होत नाही म्हणून गाय आणखी खाऊ शकत नाही. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. त्यांची गाय भरल्या पोटी उपाशी होती.

दुसरी अडचण कुलपाची. पेंढ्यातली साखर लिग्निन या लाकडासारख्या चिवट पदार्थाच्या आवरणात अडकलेली असते. भिंतीत विटा आणि सिमेंट असावं, तसे सेल्युलोजचे धागे आणि लिग्निन. या दोघांना सांधणारं हेमिसेल्युलोज लिग्निनशी एस्टर नावाच्या रासायनिक बंधांनी जोडलेलं असतं. हे एस्टर बंध अल्कलीपुढे, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थापुढे, टिकत नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत चाऱ्याची टंचाई झाली, तेव्हा याच तत्त्वावर काडावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून ते जनावरांना घातलं जाई. पण कॉस्टिक सोडा महाग, हात भाजणारा आणि नायट्रोजन न देणारा. अल्कलीही मिळेल आणि नायट्रोजनही, असा पदार्थ म्हणजे अमोनिया. आणि अमोनिया पिशवीत भरून घरी आणायचा सोपा मार्ग म्हणजे युरिया.

कृती अशी: १०० किलो कोरडा पेंढा, ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी. युरिया पाण्यात पूर्ण विरघळवायचा, पेंढ्याचा थर पसरून झारीने शिंपडायचा, पायाने दाबायचा, त्यावर पुढचा थर. शेवटी जाड प्लॅस्टिकने चहूबाजूंनी झाकून कडेला माती किंवा चिरे ठेवायचे, हवा आतबाहेर होता कामा नये. आत युरिएज नावाचं विकर कामाला लागतं. ते पेंढ्यावरच्या जिवाणूंकडून फुकट मिळतं. युरिया आणि पाणी मिळून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हे युरिएज जेम्स समनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२६ साली स्फटिकरूपात वेगळं काढलं आणि विकरं ही प्रथिनं असतात हे दाखवलं. त्यासाठी १९४६ साली त्याला नोबेल मिळालं. त्याने ते काढलं जॅक बीनमधून, जी आपल्या परसातल्या अबईच्या जवळच्या नात्यातली शेंग आहे. कुंपणावरची अबई बघितली की मला हे दरवेळी आठवतं.

२१ दिवसांनी ढीग उघडला की डोळ्यांत पाणी आणणारा वास येतो आणि पिवळा पेंढा तपकिरी, मऊ झालेला असतो. हिशेब असा: ४ किलो युरियात १.८४ किलो नायट्रोजन. त्याला ६.२५ ने (नायट्रोजनवरून प्रथिनं काढायचा हा आकडा) गुणलं की साडेअकरा किलो प्रथिनांइतका नायट्रोजन होतो. त्यातला निम्म्याहून जास्त अमोनियाच्या रूपात उडून जातो, उरतो चार-पाच किलोंचा. मूळचे साडेतीन किलो त्यात मिळवा. शेकडा ७ ते ८, म्हणजे जिवाणूंना हवा होता बरोबर तेवढा.

इथे काकूंनी विचारलं, ‘म्हणजे दूध युरियाचं होणार?’ भेसळीच्या बातम्या वाचून ही भीती बसली आहे आणि ती समजण्यासारखी आहे. भेसळ करणारे युरिया थेट दुधात मिसळतात, तो गुन्हा आहे. इथे युरियाचा बहुतेक भाग अमोनिया होतो आणि गाईच्या पोटात जिवाणू त्याची प्रथिनं करतात. शिवाय युरिया गाईला परका नाही. तिचं यकृत तो रोज बनवतं, त्यातला काही ती लाळेतून पुन्हा रुमेनमध्ये पाठवते, आणि कुठल्याही निर्भेळ दुधात थोडा युरिया नैसर्गिकपणे असतोच.

मात्र कच्चा युरिया विष आहे, हे गोठ्याच्या दारावर लिहून ठेवावं. तो आंबोणात टाकला किंवा जनावराने बादलीतलं द्रावण प्यायलं, तर रुमेनमध्ये एकदम अमोनिया होतो, यकृताला तो आवरत नाही आणि जनावर तासाभरात दगावू शकतं. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा पेंढा घालू नये, त्यांचं रुमेन तयार झालेलं नसतं. बुरशी आलेला भाग फेकून द्यावा. खायला घालण्याआधी पेंढा तासभर तरी पसरून ठेवावा, म्हणजे वास उडतो. पहिल्या दिवशी साध्या पेंढ्यात मूठभर मिसळावा आणि आठवडाभरात वाढवत न्यावा.

मोबाइलवर फिरणाऱ्या ‘आठ दिवसांत दूध दुप्पट’ पावडरीसारखं यात काही नाही. दोन लिटरची कपिला दहा लिटर देणार नाही. ही डोंगर चढणारी, दमट हवेत टिकणारी लहान चणीची गाय आहे, तिच्याकडून तेवढंच मागावं. पण तिचं अंग टिकतं, ती वेळेवर माजावर येते, वेताचं अंतर कमी होतं आणि जास्त खाल्ल्याने शेणही वाढतं, जे पुढच्या भाताला लागतंच. बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे पाल्याचं झाड लावलं, भातानंतरच्या ओलीवर कुळीथ-वाल घेतले आणि त्यांचा भुसा जपून ठेवला, तर आणखी चांगलं.

काकूंच्या अंगणात आम्ही ढीग घातला तेव्हा चैत्र लागला होता आणि ५० लिटर पाणी काढायला पोहरा तीस वेळा ओढावा लागला, तोही अर्धा गाळाचा. पुढच्या वर्षी झोडणी आटोपली, उडवी रचून झाली की पौषातच ढीग घालायचा ठरवलं आहे. तेव्हा विहिरीला पाणी असतं आणि २१ दिवसांनी, डोंगरावरचं गवत संपता संपता, पेंढा तयार असेल.