एलपीजी किट बसवलं की खर्च निम्मा?

‘गॅसचा लिटर पेट्रोलच्या निम्म्या भावात, म्हणून छोट्या गाडीला किट बसवा, खर्च निम्मा होईल’ असा निरोप वर्षानुवर्षं फिरतो. हिशेब वरवर बरोबर वाटतो, पण लिटरला लिटर धरण्यात गफलत आहे. एक लिटर एलपीजीत पेट्रोलपेक्षा साधारण पाव हिस्सा ऊर्जा कमी असते. म्हणून तेवढ्याच अंतराला २० ते ३० टक्के जास्त लिटर लागतात. भाव खरोखर निम्मा असला, तरी १०० चा खर्च ६० ते ६५ वर येतो, ५० वर नाही. शिवाय बहुतेक किटमध्ये थंड इंजिन आधी पेट्रोलवरच चालतं. जवळच्या फेऱ्यांत बचत आणखी घटते.

आता खरी मेख. छोटी गाडी मुळातच कमी पिते, त्यामुळे दर किलोमीटरची बचतही छोटी. किटचा खर्च मात्र फारसा कमी होत नाही. डिकीतली जागा जाते ती वेगळीच!

स्वतः तपासा: टाकी भरा, नेहमीसारखी चालवा, पुन्हा भरा, ॲव्हरेज काढा. त्यावरून दर किलोमीटरची बचत काढून किटच्या एकूण खर्चाला तिने भागा. येतील तेवढे किलोमीटर चालल्यावरच किट वसूल. रोज लांब पल्ला असेल तर लवकर. फक्त रविवारी गाडी निघत असेल तर बहुधा गाडीच आधी विकाल.