फोनमधली गाणी गाडीच्या रेडिओवर: बिनतारी वाटेची पार्श्वभूमी

लायटरच्या सॉकेटात बसणाऱ्या एफएम ट्रान्समीटरमध्ये दोन रेडिओ काम करतात. फोनमधला आवाज त्याच्यापर्यंत ब्लूटूथने येतो, २.४ गिगाहर्ट्‌झवर. तिथून पुढे तो एफएमवर जातो आणि गाडीचा डेक त्याला एखाद्या स्टेशनसारखा पकडतो. वाद कायम या दुसऱ्या टप्प्याचाच, म्हणजे ट्रान्समीटरची एफएम लहर किती जोरकस असावी याचाच राहिला आहे.

सुरुवातीच्या ट्रान्समीटरांत ब्लूटूथ नव्हतं. हेडफोनच्या जॅकमधून वायर जोडावी लागे. ब्लूटूथवरून स्टिरिओ संगीत पाठवण्याची पद्धत २००३ मध्ये ठरली. त्याआधी गाड्यांतलं ब्लूटूथ बोलण्यापुरतं होतं, म्हणून जुन्या काही डेकवर कॉल लागतो, गाणं लागत नाही.

खरा पेच होता तो ट्रान्समीटरला किती शक्ती द्यायची हा. ब्रिटनमध्ये डिसेंबर २००६ पर्यंत तो वापरणं बेकायदाच होतं. मग मुभा मिळाली ती ५० नॅनोवॉटची, म्हणजे एका वॉटचा दोन कोटींवा भाग. अमेरिकेने मर्यादा वेगळ्या मापात घातली: तीन मीटर अंतरावर लहरीचा जोर २५० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. ही मर्यादा फार जाचक आहे, असं वापरणारे आजही म्हणतात. ट्रान्समीटर गिअरजवळ, अँटेना टपावर, मध्ये गाडीचा पत्रा. त्यात एफएम रिसीव्हरचा स्वभाव असा की एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन लहरी आल्या तर जोरकस लहर धरायची आणि दुसरी दाबायची. त्यामुळे जवळपास एखादं स्टेशन असलं की आपलं गाणं हरतं.

पण याच स्वभावामुळे मर्यादा हवी. शक्ती वाढवली तर चौकातल्या सिग्नलला शेजारी थांबलेल्या गाडीत स्टेशन ऐकणाऱ्याला आपलं गाणं ऐकावं लागेल. पुण्यात तर ९१.१, ९३.५, ९४.३, ९८.३, १०१, १०४.२ अशा जागा भरलेल्या आहेत. मग दुकानदार सांगतात, एफएमच्या पट्ट्याच्या टोकाला जा. वरच्या टोकाजवळ १०७.४ वर विद्यापीठाचं सामुदायिक केंद्र आहे. अशा केंद्रांना साधारण १०० वॉटपर्यंतच परवानगी असते आणि व्यावसायिक स्टेशनं किलोवॉटमध्ये चालतात. केंद्रापासून थोडं लांब गेलं की आधी दुबळा पडतो तो या केंद्राचाच आवाज. विद्यार्थ्यांनी चालवलेला कार्यक्रम कुणाच्या तरी प्लेलिस्टखाली दडपला जाऊ नये, यासाठी थोडी खरखर सोसणं मला रास्त वाटतं.

पुढे डेकमध्येच संगीताचं ब्लूटूथ येऊ लागलं, २०१४ पासून फोनचा पडदा गाडीच्या स्क्रीनवर दिसू लागला, आणि २०१६ नंतर अनेक महागड्या फोनांतून हेडफोनचा जॅकच गेला. वायरचा ट्रान्समीटर तिथे संपला. ब्लूटूथचा मात्र जुन्या गाड्यांमुळे टिकला. पुण्यातल्या नाना पेठेत नवा डेक बसवून घेतला तर एफएमचा टप्पाच गळतो, आणि त्याबरोबर एफएम प्रसारणाची १५ किलोहर्ट्‌झची आवाजाची मर्यादाही (त्याहून उंच सूर एफएमवर जात नाहीत).

ज्यांचा डेक जुनाच आहे त्यांना पुण्याहून मुंबईला जाताना फ्रिक्वेन्सी बदलावी लागते. बोर घाट उतरल्यावर ९२.७, १००.७, १०७.१ अशा तिकडच्या स्टेशनांच्या जागा सुरू होतात.