अनडू केल्यावर पुढची वाट जाते कुठे?

पावसाच्या आकडेवारीचा डॅशबोर्ड समोर आहे. ३६ जिल्ह्यांतून मराठवाड्याचे ८ निवडले, जून वगळला, अक्षाचं माप बदललं. असं करत बाराव्या पायरीवर आलेख काहीतरी बोलू लागला. दुसरी शक्यताही पडताळावी म्हणून अनडू करत, म्हणजे केलेली कृती मागे घेत, पाच पायऱ्या मागे आलात आणि वेगळा महिना निवडला. आता बाराव्या पायरीवरचा आलेख परत हवा आहे, पण तो मिळत नाही. मागे घेतलेलं परत आणणारं रीडूचं बटण विझलेलं असतं.

याचं कारण असं की बहुतेक सॉफ्टवेअर अनडूचा इतिहास एकाच सरळ रांगेत ठेवतं. मागे येऊन नवं काही केलं की रांगेतला पुढचा भाग पुसला जातो. पत्र टाइप करताना हे चालून जातं. आकडेवारी धुंडाळताना मात्र मागे येऊन दुसरी वाट धरणं हेच मुळात काम असतं. संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनी १९९६ मध्ये दृश्यीकरणातली, म्हणजे आकडेवारी चित्ररूपात पाहण्यातली, सात मूलभूत कामं सांगितली, त्यांत झूम आणि फिल्टरच्या बरोबरीने ‘इतिहास’ होता.

यावरचा उपाय म्हणजे इतिहासाचा वृक्ष. प्रत्येक पायरी आपल्या आधीची पायरी कोणती एवढं लक्षात ठेवते. अनडू केलं की काहीच खोडलं जात नाही, फक्त ‘तुम्ही इथे आहात’ ही खूण मागे सरकते. तिथून नवं काही केलं की नवी फांदी फुटते. विम या एडिटरमध्ये २००६ च्या ७.० आवृत्तीपासून असा वृक्ष आहे.

खरी कसोटी लागते ती प्रत्येक पायरीवर नेमकं काय साठवायचं हे ठरवताना. समजा, १० लाख ओळींपैकी काही निवडल्या आहेत. प्रत्येक ओळीमागे ‘निवडली की नाही’ याचा एक बिट धरला तरी एका पायरीला १२५ किलोबाइट लागतात, म्हणजे हजार पायऱ्यांना १२५ मेगाबाइट. तेच ‘पाऊस ५०० मिमीपेक्षा जास्त’ ही अट साठवली, तर काही डझन बाइटांत भागतं. शिवाय सहा महिन्यांनी ती वाचून निवड का केली होती हेही कळतं.

केवळ कृती नोंदवून ती उलटी फिरवू म्हटलं, तरी फसगत होते. झूम आत जाताना १.१ ने गुणतो आणि बाहेर येताना ०.९ ने, असं धरा. १.१ × ०.९ = ०.९९. दहा वेळा आत-बाहेर केलं की आलेख मूळ आकाराच्या सुमारे ९०.४ टक्के उरतो. म्हणून प्रत्येक कृतीसोबत आधीची किंमत जशीच्या तशी लिहून ठेवावी. दर २० पायऱ्यांनी पूर्ण स्थितीही साठवावी, म्हणजे कुठल्याही पायरीवर पोचायला फार तर १९ बदल पुन्हा लावावे लागतात.

स्लायडरकडे विशेष लक्ष हवं. तो तीन सेकंद ओढला आणि सेकंदाला ६० घटना आल्या, तर १८० नोंदी होतात. मग एका ओढण्यासाठी माणसाने १८० वेळा अनडू करायचं का? नोंद बोट उचलल्यावरच करावी, मधल्या किमती फक्त पडद्यावर दाखवाव्यात. टॅब्लो या आलेख काढण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या चित्ररूप इतिहासावर हीर, मॅकिनले, स्टोल्टे आणि अग्रवाला यांनी २००८ मध्ये काम मांडलं. त्यातही एकाच जातीच्या लागोपाठच्या कृती एकत्र बांधल्या होत्या आणि प्रत्येक टप्प्याला आलेखाचं छोटं चित्र दिलं होतं. हे चित्र फार मोलाचं, कारण ‘फिल्टर बदलला’ अशा चाळीस ओळींमधून हवी ती पायरी ओळखता येत नाही. नजर मात्र आलेखाचा आकार चटकन ओळखते.

आणखी एक चूक उशिरा उघडी पडते. निवड ओळ क्रमांकाने साठवलेली असते आणि पुढच्या आठवड्यात फाइलच्या सुरुवातीला नवे आकडे येतात. इतिहास पुन्हा चालवला की बीडच्या जागी जालना निवडला जातो आणि चूक झाल्याची कसलीच सूचना पडद्यावर येत नाही. त्यामुळे निवड कायम न बदलणाऱ्या ओळख-क्रमांकाने किंवा अटीने साठवावी आणि प्रत्येक फांदीवर डेटाच्या कोणत्या आवृत्तीवर ती वाढली हेही लिहावं.